डाळिंबाच्या जुन्या रानातलं कीटकनाशक: जनुकबदल जीवाणूंनी माती साफ होईल का?

प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला भागातला आहे. मर रोग आणि खोड पोखरणाऱ्या पिन होल बोरर किडीमुळे दोन एकर डाळिंबाची बाग काढावी लागली. त्याआधी पाच-सहा वर्षं क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या आळवण्या झाल्या, म्हणजे द्रावण झाडाच्या बुंध्याशी ओतलं गेलं. बागेच्या आधी त्या रानात ऊस आणि मका होता, तेव्हा ॲट्राझिन हे तणनाशक पडलं. आता पुन्हा डाळिंब लावायचं आहे, आणि ‘जनुक बदललेले, औषध खाणारे जीवाणू’ एकरी एक लिटर ठिबकमधून सोडले की माती साफ होते, असं सांगून बाटली विकली जातेय. ती घ्यावी का, आणि नसेल तर काय करावं?

बाटली घेऊ नका. जनुकबदल जीवाणूंचं शास्त्र खरं आहे आणि त्यात फार चांगलं काम झालेलं आहे, पण उघड्या रानात सोडण्याच्या टप्प्याला ते आलेलं नाही. दुसरं म्हणजे, तुमच्या मातीत जीवाणूंची टंचाई नाही. औषध चिकणमातीला धरून बसलेलं असतं, वर्षातले बरेच महिने ओल नसते आणि सेंद्रिय कर्ब कमी असतो. घोडं अडतं ते इथे, आणि यातली एकही अडचण नवं जनुक घातल्याने सुटत नाही.

आधी बाटलीचा हिशोब करू. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला आणि घनता १.३ धरली, तर माती होते सुमारे ८ लाख किलो. चांगल्या द्रवरूप जीवाणू खतात मिलिलिटरला १० कोटी पेशी असतात, म्हणजे लिटरमध्ये १०,००० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण ८० कोटी ग्रॅम मातीत त्या वाटल्या की एका ग्रॅमला येतात जेमतेम सव्वाशे. त्याच ग्रॅमभर मातीत आधीपासून १ कोटी ते १०० कोटी देशी जीवाणू आहेत, आणि जीवाणू खाणारे आदिजीवही आहेत. बाहेरून सोडलेल्या जीवाणूचा परिणाम दिसायला ग्रॅममागे निदान १० लाख पेशी हव्यात, असं धरून प्रयोग आखतात. एकराला तेवढ्या द्यायच्या तर त्याच ताकदीचं ८,००० लिटर द्रावण लागेल. जीवाणू जनुकबदल असो वा नैसर्गिक, हे गणित बदलत नाही.

प्रत्यक्ष मैदानात काय झालं तेही बघा. ॲट्राझिनवर अमेरिकेत एक नावाजलेला प्रयोग झाला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. अपघाताने सांडलेल्या ॲट्राझिनमुळे तिथल्या मातीत २९,००० पीपीएमपर्यंत (किलोला तेवढे मिलिग्रॅम) साठा होता. ॲट्राझिनचा क्लोरीन काढून टाकणारं विकर (एन्झाइम) बनवणारं ‘ॲटझ-ए’ हे जनुक ई. कोलाय जीवाणूत घातलं, पेशी भरपूर वाढवल्या आणि रसायनाने मारून टाकल्या. मेलेल्या पेशीच्या आत विकर टिकून राहतं, पण पेशी वाढू शकत नाही, त्यामुळे ती पसरण्याची भीती उरत नाही. त्या मेलेल्या पेशी मातीच्या वजनाच्या ०.५ टक्के मिसळल्या. आठ आठवड्यांत ॲट्राझिन ५२ टक्क्यांनी उतरलं, आणि जोडीला ३०० पीपीएम फॉस्फेट दिलं तिथे ७७ टक्क्यांनी. नुसतं पाणी किंवा नुसतं फॉस्फेट दिलेल्या वाफ्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. काम उत्तम झालं, यात वाद नाही. पण वाफे होते पाऊण घनमीटरचे. तेच ०.५ टक्के प्रमाण तुमच्या एकराला लावलं तर ४ टन जीवाणू पेशी लागतात. सांडलवंडीची एखादी जागा साफ करायला ही पद्धत योग्य आहे, रानाला नाही.

जिवंत जनुकबदल जीवाणू मातीत सोडले की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, नवं जनुक पेशीला ओझं असतं. ते प्लाझमिडवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असेल आणि औषधाचं प्रमाण किलोला काही मिलिग्रॅमच असेल, तर त्यावर पोट भरत नाही. मग प्लाझमिड टाकून दिलेल्या पेशी जास्त जोमाने वाढतात आणि काही पिढ्यांत कामाचा जीवाणू मागे पडतो. माशी शिंकते ती इथे: प्रयोगशाळेत चंचुपात्रात जीवाणूला औषधाशिवाय दुसरं खायला दिलेलंच नसतं, म्हणून तो टिकतो. शेतातल्या मातीत त्याला दुसरं खाद्यही असतं आणि स्पर्धकही असतात.

दुसरी, ‘काम झालं की मरणारा’ जीवाणू. आत्मघाती जनुकाची सोय करता येते. प्रयोगशाळांमध्ये सुरक्षित म्हणून जो निकष पाळतात तो १० कोटी पेशींत एकापेक्षा कमी निसटण्याचा. वर काढलेल्या प्रमाणात एकराला जेवढ्या पेशी लागतात, त्यांना हा निकष लावला तरी ८० लाख पेशी निसटतात. प्रयोगशाळेतल्या जीवाणूंत निवडीसाठी प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुकही अनेकदा असतं. तेल्या या डाळिंबाच्या जीवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारणाऱ्या भागात प्रतिजैविक-रोधाची आणखी जनुकं मातीत सोडणं मला अजिबात मान्य नाही.

तिसरी आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्धवट तोडलेलं औषध. क्लोरपायरीफॉसचा रेणू विकराने तुटला की उरतं ट्रायक्लोरोपिरिडिनॉल, ज्याला टीसीपी म्हणतात. मूळ औषध मातीला घट्ट चिकटून राहतं. टीसीपी विम्लधर्मी मातीत पाण्याबरोबर सहज खाली सरकतं, आणि ते स्वतः जीवाणूंना मारक आहे. ऑरगॅनोफॉस्फेट (क्लोरपायरीफॉस ज्या गटातलं आहे ती कीटकनाशकं) तोडणारं ‘ओपीडी’ जनुक घातलेला जीवाणू ही पहिली पायरी करतो आणि थांबतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘क्लोरपायरीफॉस ९० टक्के कमी’ असं येईल, आणि टीसीपी विहिरीकडे निघालेलं असेल. दोन्ही पायऱ्या करणारे नैसर्गिक जीवाणू आहेत, चीनमध्ये सापडलेला क्युप्रिॲव्हिडस नान्टोंगेन्सिस एक्स-१ हा त्यातला एक. कोणीही जीवाणू दाखवला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: टीसीपीचं काय होतं?

ओपीडी जनुकाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण विक्रीच्या कागदावर हेच नाव असतं. हे जनुक असलेला फ्लेव्होबॅक्टेरियम १९७३ मध्ये फिलिपिन्समधल्या भातखाचराच्या मातीतून वेगळा केला गेला. ते काम करणाऱ्या दोघांपैकी एन. सेतुनाथन हे आपले भारतीय शास्त्रज्ञ. या विकराला पीएच ८ ते ९ मानवतो, म्हणजे आपल्या चुनखडीच्या मातीला ते जुळतं. पण पॅराऑक्सॉन या त्याच गटातल्या दुसऱ्या रसायनावर ते ज्या वेगाने चालतं, त्याच्या साधारण हजारपट हळू ते क्लोरपायरीफॉसवर चालतं. जनुकात बदल करून हा वेग काहीशे पट वाढवण्यात यश आलं आहे. पेशीच्या आत औषध शिरायला वेळ लागतो म्हणून १९९७ मध्ये हे विकर ई. कोलायच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसवूनही दाखवलं गेलं. ही सगळी सुधारणा पाण्यासाठी मोलाची आहे: फवारणी टाकीचं धुवण, मेंढ्या बुडवायच्या हौदाचं पाणी. ऑस्ट्रेलियात याच कुळातलं विकर पाण्यासाठी उत्पादन म्हणून तयारही झालं. मातीत मात्र विकर चिकणमातीवर चिकटतं आणि मंदावतं, आणि सोलापूरच्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर.

कायद्याची बाजू सरळ आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली १९८९ चे नियम आहेत. त्यानुसार जनुकबदल सूक्ष्मजीव पर्यावरणात सोडायला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची, म्हणजे जीईएसीची मंजुरी लागते. साधा प्रयोग करायचा तरी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही आढावा समिती यांच्यामार्फत जावं लागतं. २०२२ मध्ये जनुक-संपादित वाणांना काही सवलती मिळाल्या, त्या वनस्पतींपुरत्या आहेत. शेतमातीतलं कीटकनाशक काढायला मंजूर झालेला एकही जनुकबदल जीवाणू भारतात विक्रीला नाही. म्हणजे बाटलीत खरोखर जनुकबदल जीवाणू असेल तर ती बेकायदा आहे, आणि नसेल तर लेबल खोटं आहे. विक्रेत्याकडे जीवाणूचं पूर्ण नाव आणि स्ट्रेन क्रमांक, खत नियंत्रण आदेशाखालची नोंदणी, मिलिलिटरला पेशींची संख्या, आणि जनुकबदल म्हणत असेल तर जीईएसीचं पत्र मागा. दुकानातला स्युडोमोनास किंवा ट्रायकोडर्मा रोगासाठी निवडलेला असतो. तो चांगला आहे, पण क्लोरपायरीफॉस तोडायला तो निवडलेला नाही.

आता तुमच्या रानाकडे येऊ. आळवणीचं औषध एकरभर सारखं पसरलेलं नसतं. २० ईसी (२० टक्के सक्रिय घटक असलेलं द्रव) क्लोरपायरीफॉस लिटरला २.५ मिली आणि झाडाला १० लिटर द्रावण धरलं, तर एका झाडाला २५ मिली औषध, म्हणजे ५ ग्रॅम सक्रिय घटक. आळ्याची त्रिज्या एक मीटर धरली तर १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत माती सुमारे ६१० किलो. प्रमाण झालं किलोला ८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात बहुतेक औषध वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच अडकतं, म्हणजे तिथे २४ च्या आसपास. आणि दोन ओळींच्या मध्ये जवळपास काहीच नाही. रानभर नागमोडी चालत गोळा केलेला मातीचा नमुना या दोन्हींची सरासरी काढतो आणि दोन्ही लपवतो.

म्हणून नमुने तीन वेगळे घ्या: जुन्या झाडांच्या ओळीतला, दोन ओळींच्या मधला, आणि टाकी भरायच्या जागेचा. जेसीबीने झाडं काढली असतील तर आळी ओळखू येत नाहीत, तेव्हा ठिबकच्या जुन्या नळीच्या (लॅटरलच्या) रेषेवरून ओळ धरा. ओळीतला आणि मधला नमुना ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असा दोन थरांत घ्या. प्रत्येकी आठ-दहा जागांची माती स्टीलच्या खुरप्याने काढून घमेल्यात मिसळायची आणि अर्धा किलो ठेवायची. घमेलं नेहमी खताला किंवा औषधाला वापरलेलं नको. माती प्लास्टिक पिशवीत भरू नका, औषध प्लास्टिकला चिकटतं. काचेची बरणी घ्या किंवा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. उन्हात वाळवायची नाही, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. माती परीक्षणाची सवय असल्यामुळे नमुना वाळवून नेणारे फार जण आहेत. अवशेष तपासणीत ती चूक निकाल बिघडवते.

प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेची असावी, आणि त्या मान्यतेत ‘माती’ हा नमुन्याचा प्रकार आहे का ते विचारा. द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीमुळे फळांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ, पण मातीची पद्धत वेगळी असते. काळी माती आधी पाण्याने भिजवून मगच अर्क काढावा लागतो, नाहीतर औषध पूर्ण सुटत नाही आणि अहवाल कमी दाखवतो. मागायचं काय: क्लोरपायरीफॉस, टीसीपी, ॲट्राझिन, प्रोपिकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकांतलं जे वापरलं असेल ते, तांबं, आणि नेहमीचे पीएच, ईसी (क्षारांचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना. टीसीपी आम्लधर्मी असल्याने त्याचा अर्क वेगळा काढावा लागतो, म्हणून ते नाव स्पष्ट लिहून द्या. आणि मातीतला आकडा फळाच्या एमआरएलशी, म्हणजे अवशेषाच्या कमाल मर्यादेशी, लावू नका. युरोपची क्लोरपायरीफॉसची किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा फळासाठी आहे. हे औषध मातीला इतकं घट्ट धरून राहतं की मुळातून फळात फारसं जात नाही. फळातला अवशेष येतो तो बहुतेक फवारणीतून.

तांब्याचा आकडा मुद्दाम मागा. तेल्यासाठी एक टक्का बोर्डो एकरी ५०० लिटर फवारलं की ५ किलो मोरचूद जातं, त्यात सव्वा किलो तांबं. ते मूलद्रव्य आहे. कोणताही जीवाणू, कितीही जनुकं घातली तरी, तांबं तोडू शकत नाही. उलट साठलेलं तांबं सोडलेल्या जीवाणूंनाच मारतं. बेसाल्टच्या काळ्या मातीत तांबं मुळातच जास्त असतं, म्हणून बांधावरच्या न फवारलेल्या मातीचा एक नमुना तुलनेला द्या. नुसता आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

ॲट्राझिनसाठी प्रयोगशाळेच्या जोडीला कुंडी परीक्षा करा, तिला खर्च नाही. तीन कुंड्या संशयित मातीच्या, तीन बांधावरच्या, तीन संशयित मातीत थोडी सक्रिय कोळशाची भुकटी मिसळलेल्या. प्रत्येकीत काकडीचे किंवा मोहरीचे दहा दाणे. उगवण सगळीकडे सारखीच होईल, तिथे फसू नका. बियातलं अन्न संपल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागतात. संशयित मातीत करपलं आणि कोळशाच्या कुंडीत नाही, तर ॲट्राझिन आहे. क्लोरपायरीफॉस रोपावर दिसत नाही. त्याला गांडूळ बघा: पेटीत अर्धी संशयित, अर्धी बांधावरची ओलसर माती, मधल्या रेषेवर दहा गांडुळं, ४८ तासांनी मोजणी. तीनदा करून तिन्ही वेळा बहुतेक गांडुळं बांधाच्या मातीकडे गेलेली आढळली तर तुमची माती त्यांना मानवत नाही.

आता उपाय. क्लोरपायरीफॉसचं अर्धायुष्य मातीत साधारण ६० ते १२० दिवस असतं, आणि आपल्या विम्लधर्मी मातीत त्याचं पाण्याने होणारं विघटनही वेग घेतं. किलोला ८ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली तर चार अर्धायुष्यांनी अर्धा मिलिग्रॅम उरतो. म्हणजे आठ ते सोळा महिने, पण ओलीचे. कोरड्या मातीतले दिवस यात धरायचे नाहीत. डाळिंब बागेत औषध का साठत जातं त्याचं एक कारण इथे आहे: बहार धरायला पाणी तोडून ताण देतो, नेमकं तेव्हा जीवाणूंचं काम थांबतं. आता बाग नाही, ताण द्यायचा नाही, या काळाचा फायदा घ्या.

जुने ठिबक अजून असेल तर ते ओळीवरच राहू द्या. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर सुरू करा, दिवाळीपर्यंत उष्णता आणि ओल दोन्ही मिळतात. माती वाफशावर ठेवायची. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटावा. गोळा चेंदला तर पाणी जास्त. क्लोरपायरीफॉस तोडणाऱ्या बहुतेक जीवाणूंना हवा लागते, आणि काळ्या रानात पाणी साचलं की हवा संपते. भेगा पडू द्यायच्या नाहीत, नाहीतर पुढचं पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि टीसीपीही घेऊन जातं. या काळात ठिबकमधून क्लोरीन किंवा ॲसिड सोडायचं नाही, बुरशीनाशकाची आळवणी नाही.

पूर्ण कुजलेलं शेणखत ओळीवर, जुन्या झाडाच्या जागी दहा ते पंधरा किलो. ४.५ बाय ३ मीटरवर एकरी ३०० झाडं धरली तर साडेचार टनांपर्यंत लागतं. वरच्या १० सेंटिमीटरमध्ये हलकं मिसळा, खोल नांगरू नका. खोल नांगरटीने औषध पसरतं आणि जिथे जीवाणू कमी अशा थरात पुरलं जातं. वर उसाच्या पाचटाचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला. पाचट मातीत गाडू नका, कुजताना ते नत्र ओढून घेतं.

ॲट्राझिन सापडलं असेल तर वागणं थोडं वेगळं. ॲट्राझिन विम्लधर्मी मातीत जास्त टिकतं, क्लोरपायरीफॉसच्या बरोबर उलट. ते तोडणारे जीवाणू त्याच्या कड्यातलं नत्र वापरतात; युरियाचा डोस दिला की सोपं नत्र मिळतं आणि ते ॲट्राझिनकडे वळत नाहीत. म्हणून तिथे दोन-अडीच महिने युरिया बंद. फॉस्फेटचा तो ३०० पीपीएमचा डोस मात्र उचलू नका, एकराला जवळजवळ २४० किलो होतो आणि चुनखडीच्या मातीत बराचसा अडकून बसतो. माती परीक्षणानुसारच द्या. या रानात पहिलं पीक ज्वारी किंवा मका घ्या, ही पिकं ॲट्राझिन स्वतःच्या पेशींत निष्प्रभ करतात. तागाला आणि कडधान्याला ते मारतं, म्हणून ताग किंवा धैंचा कुंडी परीक्षा स्वच्छ आल्यावरच. पहिल्या कापणीचा चारा जनावरांना घालू नका, कुट्टी करून रानात पसरा.

इथे निसर्गाने स्वतःच केलेली एक गोष्ट उपयोगी पडते. ॲट्राझिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. १९९५ मध्ये स्युडोमोनास एडीपी हा ते पूर्ण खाणारा जीवाणू वर्णन केला गेला, आणि मग तशीच जनुकं जगभरच्या मातीत सापडली. वर्षानुवर्षं ॲट्राझिन पडलेल्या उसाच्या रानात ते काही दिवसांत संपतं, कारण तिथले जीवाणू तयार झालेले असतात. अशा रानाची माती हेच विरजण. आधी कुंडीत बघा: संशयित मातीत पाच टक्के त्या रानाची माती मिसळून तीन आठवडे ओलसर ठेवा, मग काकडी लावा. करपणं थांबलं तरच शेतात आणा. डाळिंबाच्या दुसऱ्या बागेतली माती कधीही आणू नका, मरची बुरशी आणि सूत्रकृमी बरोबर येतात.

सक्रिय कोळसा हा दुसरा मार्ग, पण त्याचं काम समजून घ्या. तो औषध तोडत नाही, धरून ठेवतो. नियम असा की १ किलो सक्रिय घटकाला २०० किलो कोळसा. पुढचं नाजूक पीक लगेच वाचवायचं असेल तरच वापरा, कारण धरलेलं औषध जीवाणूंनाही मिळत नाही आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

खरी घाण सहसा टाकी भरायच्या जागी असते: विहिरीजवळचा हौद, औषधाच्या खोलीची पायरी. तिथे सांडलेलं औषध रानातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असतं, आणि विहीर शेजारी. ही जागा बायोबेडने, म्हणजे औषध तोडणाऱ्या जिवंत मिश्रणाच्या खड्ड्याने, हाताळा. ही पद्धत स्वीडनमध्ये १९९३ पासून वापरात आहे. विहिरीपासून लांब, पावसाचं पाणी वाहून येणार नाही अशा उंचवट्यावर ३ बाय २ मीटरचा, ६० सेंटिमीटर मिश्रण मावेल एवढा खड्डा घ्या. तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, कडा वर घेतलेल्या. भरायला ३.६ घनमीटर मिश्रण लागतं, म्हणजे सव्वा ब्रास: अर्धा भाग पाचटाची कुट्टी, पाव भाग कुजलेलं खत, पाव भाग शेतातली माती. कडबा वापरू नका, तो महाग आहे आणि जनावरांचा आहे; पाचट तेवढंच चांगलं, त्यातलं लिग्निन खाणारी बुरशी औषधही तोडते. नुसती चिकण काळी माती घेतली तर मिश्रण घट्ट होतं, त्यात हलकी माती मिसळा. मिश्रण ओलसर करून सहा ते आठ आठवडे ढिगात मुरू द्या, मगच भरा. ताजं मिश्रण गरम होतं, बसतं आणि सुरुवातीला औषध तोडत नाही. वर गवत लावा, वरून पत्र्याचं छप्पर घाला. टाकीचं धुवण यात थोडं थोडं सोडा, तळाला पाणी साचेल इतकं कधीच नाही. बोर्डो किंवा तांब्याच्या औषधाचं धुवण यात घालायचं नाही, सगळा बायोबेड मरतो. मिश्रण दरवर्षी खचतं, तेवढी भर घालत राहा. पाच ते आठ वर्षांनी बदला आणि जुनं वर्षभर कागदावर झाकून कुजवा. टाकीच्या जागेची २० ते ३० सेंटिमीटर माती खोदून, एक भाग मातीला दोन भाग हेच मिश्रण मिसळून, छपराखाली ढीग लावा आणि महिन्यातून एकदा उलटा. हातमोजे आणि मास्क हवाच.

निवडलेला नैसर्गिक जीवाणू, पूर्ण नाव आणि टीसीपीच्या पुराव्यासह, कोणी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र देत असेल, तर तो या ढिगाला घाला. ६०० किलो मातीला ग्रॅममागे १० लाख पेशी द्यायला १० कोटी ताकदीचं ६ लिटर पुरतं. संध्याकाळी, ओल्या मातीत, क्लोरीन नसलेल्या पाण्यातून. तीनशे आळ्यांना तेच करायला १,८०० लिटर लागेल, आणि क्लोरपायरीफॉस तोडणारे देशी जीवाणू ओल मिळाली की ते काम करतातच.

एक गुंठा काही न करता तसाच ठेवा. त्याचे आणि उपचार केलेल्या ओळीचे नमुने सुरुवातीला, ३०, ६० आणि ९० दिवसांनी, त्याच जागा, तोच थर, तीच प्रयोगशाळा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर श्रेय कोणत्याही बाटलीचं नाही. क्लोरपायरीफॉस उतरलं आणि टीसीपी चढलं तर पाणी कमी करा, शेणखत वाढवा आणि विहिरीच्या पाण्याचाही नमुना द्या.

नव्या लागवडीचे खड्डे जुन्या दोन ओळींच्या मधोमध घ्या. ४.५ मीटरच्या अंतरात नवं झाड जुन्या खोडापासून २.२५ मीटरवर येतं, म्हणजे आळवणीच्या आळ्याच्या बाहेर. मरच्या बुरशीचा साठा जुन्या मुळांत असतो, तोही लांब राहतो. पण जुनी मुळं वेचून जाळल्याशिवाय खड्डे घेऊ नका. ९० दिवसांच्या नमुन्यात टीसीपी उतरतं आहे आणि कुंडीतली काकडी तीन आठवडे हिरवी आहे, एवढं दिसलं की रोपांची नोंदणी करा.